पौलाने तीताची सुंता होऊ दिली नाही, मग तीमथ्याची स्वतःच का केली?

बुधवारची_वही
नमस्कार. आमच्या चर्चमध्ये बुधवारी बायबल स्टडी असतो, सध्या गलतीकरांस पत्र चालू आहे आणि मी एका जागी पार अडकलेय. दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल, ज्याने हे पत्र लिहिलं, सांगतो की तीत माझ्यासोबत यरुशलेमला आला, तो ग्रीक, पण त्याच्यावरही सुंतेची सक्ती झाली नाही. पाचव्या अध्यायात तर सरळ म्हणतो की सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हाला काही उपयोग नाही. आणि मग प्रेषितांची कृत्ये १६ उघडलं तर हाच पौल लुस्त्र गावात तीमथ्याची सुंता करतो, तोही चांगला मोठा झालेला माणूस! वर लगेच चौथ्या वचनात हे लोक गावोगावी यरुशलेमचा ठराव देत फिरतायत, ज्यात परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, सुंतेचं ओझं घातलेलंच नाही. विश्वासाने तारण म्हणायचं आणि मोशेचं नियमशास्त्रही पाळायचं, हे कसं काय जुळतं? मला खरंच समजून घ्यायचंय.

जुना_उंबरा
ताई, प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या ल्यूकाने १६ च्या पहिल्याच वचनात उत्तर ठेवलंय बघा, आई यहूदी आणि बाप ग्रीक. तीत पूर्ण परका, तीमथ्य अर्धा घरचा. आईवरून यहूदी ठरतो ना, म्हणजे तीमथ्याची सुंता खरं तर राहून गेलेली होती, ती पौलाने उरकली.

पानगळ
थोडं जपून. आईवरून मूल यहूदी, हा नियम स्पष्ट लिहिलेला मिळतो तो मिश्नामध्ये, म्हणजे यहूदी नियमांच्या जुन्या संग्रहात, आणि मिश्नाचं संकलन साधारण इ.स. २०० चं. पौलाच्या काळात सगळे असंच धरायचे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ल्यूक स्वतः कारण देतो ते वेगळं आहे, त्या भागातल्या यहूद्यांमुळे, कारण याचा बाप ग्रीक होता हे सगळ्यांना माहीत होतं. पौल कुठल्याही गावात गेला की आधी सभास्थानात जायचा, तिथे बरोबरचा माणूस बेसुंती म्हटल्यावर बोलणंच ऐकून घेतलं नसतं. १ करिंथ ९ मध्ये तो म्हणतोच की यहूद्यांना मिळवायला मी यहूद्यासारखा झालो. म्हणजे तीमथ्याची सुंता कामासाठी, तारणासाठी नाही.

नगरची_चिंच
मला वाटतं आपण सगळे सुंतेकडेच बघतोय आणि खरं भांडण जेवणाचं होतं. गलती २ मध्येच पुढे वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीत बसून जेवत होता, मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि हा हळूहळू मागे सरायला लागला, वेगळा बसायला लागला. बाकीचे यहूदीही त्याच्यामागे, आणि बर्णबासुद्धा! बर्णबा, पौलाचा सोबती, ज्याने यरुशलेममध्ये सगळे घाबरत असताना पौलाला जवळ केलं होतं. पौल तेव्हा पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर बोलला. पेत्राने तोंडाने कुणाला म्हटलं नव्हतं की सुंता करा, तो फक्त पानावरून उठला. पण त्या उठण्याचा अर्थ समोरच्याला काय लागतो, तुमचा विश्वास पुरेसा नाही, आधी आमच्यासारखे व्हा मग बसू. आमची आजी सांगायची, त्यांच्या लहानपणी एकाच चर्चमध्ये प्रार्थना करणारी माणसंसुद्धा कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नि कुणाच्या नाही हे बघायची, म्हणून हा अध्याय वाचताना मला पोटात कालवतं. तीताची सुंता म्हणजे पंगतीत बसायची अट झाली असती, म्हणून नाही. तीमथ्य पंगतीत आधीपासून होताच, त्याला कुणी अट घातली नव्हती.

पानगळ
हे पटलं. एक भर घालतो, गलती ५:११ मध्ये पौल विचारतो की मी अजून सुंतेचा उपदेश करत असेन तर माझा छळ का होतो? म्हणजे त्याच्यावर तसा आरोप कुणीतरी करत असणार. लुस्त्र रोमन गलतिया प्रांतातच होतं, त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की हे पत्र लुस्त्रातही वाचलं गेलं असेल. तसं असेल तर तीमथ्याच्या सुंतेबद्दल पत्र ऐकणाऱ्यांना माहीत असू शकतं. पण पौल स्वतः त्याच्या सुंतेबद्दल एकाही पत्रात लिहीत नाही, म्हणून ही हकिकत ल्यूकानेच रचली अशी शंका घेणारेही आहेत.

बुधवारची_वही
पंगतीचं वाचून मी परत दुसरा अध्याय काढला, इतक्या वेळा वाचूनही बर्णबाचं नाव कधी डोळ्यात भरलंच नव्हतं. पण मग याकोबाचं पत्र? २:२४, माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. हा तर सरळ पौलाच्या उलट झाला ना?

जुना_उंबरा
दोघं यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच दाखला देतात, वचनही एकच, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातलं १५:६. पौल रोम ४ मध्ये म्हणतो, हे वचन १५ व्या अध्यायात आणि सुंता १७ व्यात, म्हणजे अब्राहाम बेसुंती असतानाच नीतिमान ठरला. याकोब तेच वचन २२ व्या अध्यायाशी जोडतो, इसहाकाला वेदीवर ठेवलं तिथे तो विश्वास पूर्ण झाला म्हणतो. आणि याकोबाच्या क्रिया म्हणजे सुंता नि खाणंपिणं नाहीच, उघड्या-उपाशी भावाला नुसतं सुखाने जा म्हणू नका, हे त्याचं उदाहरण आहे. मिश्नाबद्दल पानगळ बरोबर, मी घाईत लिहिलं.

बुधवारची_वही
म्हणजे याकोबही भुकेल्या माणसापाशीच येऊन थांबतो. बुधवारी मी उत्पत्ती १५, १७ आणि २२ तिन्ही सलग वाचून घेणार आहे सगळ्यांकडून, आणि गलती २ त्यानंतर.