आईचा एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) वाईट, पीएफटी (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) त्या मानाने बरी. कशावर विसंबायचं?

सांगलीकर_लेक: आई ६२ वर्षांची. तरुणपणी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. आता रोज सकाळी पिवळट बेडके पडतात. एचआरसीटीत उजव्या वरच्या खंडात 'सिस्टिक ब्रॉन्किएक्टॅसिस' (श्वासनळ्या रुंदावून पिशव्यांसारख्या झाल्यात), पण एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ७४ टक्के. सहा महिन्यांनी परत सीटी काढायला सांगितलाय. काढू का?

छातीचा_डॉक्टर: तब्येत तशीच असेल तर नुसता ठरल्यावेळी काढण्यात फारसा अर्थ नाही. पीएफटी दोन्ही फुफ्फुसांची मिळून असते. एक खंड खराब झाला तरी बाकीचे सांभाळून घेतात, म्हणून आकडा बरा दिसतो. शिवाय नळी किती रुंदावली यापेक्षा तिची भिंत किती जाडावली, बारीक नळ्यांत कफ किती अडकलाय, हवा कोंडतेय का, याचा एफईव्ही१शी जवळचा संबंध असतो. रिपोर्टात 'म्युकस प्लगिंग' (कफाने नळ्या बुजणं) किंवा 'मोझॅक अटेन्युएशन' (फिकट-गडद ठिगळं, हवा कोंडल्याची खूण) लिहिलंय का? रुंदावलेली नळी सहसा पूर्ववत होत नाही, अडकलेला कफ मात्र निघू शकतो.

सांगलीकर_लेक: म्युकस प्लगिंग आहे, 'ट्री-इन-बड' पण लिहिलंय. बेडक्याचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कुणी सांगितलंच नाही.

छातीचा_डॉक्टर: मग आधी कल्चरच करा! बीएसआय या तीव्रतेच्या मोजणीत सिस्टिक बदलाला १ गुण, स्यूडोमोनास हा चिवट जंतू ठाण मांडून असेल तर ३, आणि गेल्या २ वर्षांत छातीसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं असेल तर ५. ट्री-इन-बड म्हणजे बारीक नळ्यांत कफ किंवा पू भरलाय. कोणत्या जंतूमुळे, ते सीटी सांगत नाही. साध्या कल्चरसोबत टीबीची जीनएक्सपर्ट (जंतू झटपट शोधणारी तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाचं (टीबीच्या कुळातल्या जंतूंचं) कल्चरही पाठवा. एनटीएम (त्याच कुळातले, पण टीबीचे नसलेले जंतू) नाही याची खात्री होईपर्यंत अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक महिनोन् महिने चालू करू नये.

मीरा_फिजिओ: २०१९ मध्ये आलेल्या, ब्रॉन्किएक्टॅसिसच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय रजिस्ट्रीत २१९५ रुग्ण होते, त्यांत टीबीनंतरचा ब्रॉन्किएक्टॅसिस सर्वाधिक आणि जंतूंमध्ये स्यूडोमोनास पुढे. त्यामुळे कल्चर टाळू नकाच. नमुना सकाळचा, चूळ भरून, खोल खोकून काढलेला. थुंकी नको. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या आणि लगेच लॅबला पोचवा. कफ काढायचे श्वसनव्यायाम फिजिओकडून समोर बसून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. आईंच्या बेडक्यात रक्त येतं का?

सांगलीकर_लेक: मागच्या महिन्यात एकदा तांबूस रेघ होती.

छातीचा_डॉक्टर: हे डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. ताजं लाल रक्त जास्त पडलं तर वाट न बघता तडक इमर्जन्सीला न्या. तशा वेळी सीटी लागेलच, आणि तो जरूर काढा.