सर्दी दोघांना, धाप एकालाच: सीडीएचआर३ बद्दल थोडं
वर कोणीतरी विचारलंय की घरातल्या दोन्ही मुलांना सर्दी एकदमच होते पण धाप एकालाच का लागते. कारणं बरीच असतात, त्यातलं एक म्हणजे सीडीएचआर३ हे प्रोटीन. शेजारशेजारच्या पेशींना धरून ठेवणारी कॅडहेरिन्स असतात ना, त्याच घराण्यातलं, आणि श्वासनलिकेत ते सिलियावाल्या पेशींवर सापडतं, म्हणजे ज्या पेशी बारीक केस सतत हलवून कफ वर घशाकडे ढकलतात त्याच. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की ह्याच्या एका प्रकारात (प्रोटीनच्या साखळीत ५२९ व्या जागी सिस्टीन ह्या अमिनो आम्लाऐवजी टायरोसीन) लहानपणी अ‍ॅडमिट करावे लागतील असे दम्याचे अटॅक जास्त येतात. आणि २०१५ मध्ये कळलं की रायनोव्हायरस सी हा सर्दीचा एक व्हायरस पेशीत शिरायला हेच प्रोटीन वापरतो! टायरोसीनवाला प्रकार पेशीच्या पृष्ठभागावर जास्त येतो म्हणजे व्हायरसला दारंच जास्त. सख्ख्या भावंडांतही हा प्रकार आईबाबांकडून एकाला मिळू शकतो, दुसऱ्याला नाही. असला म्हणजे दमा होणारच असं मात्र अजिबात नाही, उगाच जीन टेस्टच्या मागे लागू नका, पण पोराला धाप लागत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

अजून एक, हा व्हायरस लॅबमधल्या नेहमीच्या सेल लाइन्समध्ये (लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी) वाढतच नव्हता ते ह्याचमुळे, त्या पेशींवर सीडीएचआर३ जवळजवळ नसतंच.