सव्वा लाखात पहिली गाडी: ८००, अल्टो की सँट्रो? दुरुस्तीही शिकायची आहे

डिप्लोमावाला_कराड
नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, दुसरं वर्ष. जानेवारीत १८ पूर्ण होतील. घरून सव्वा लाख मिळणार, त्यावर एक रुपया नाही. गाडी आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती त्यातच. गाडी उघडून शिकायचं आहे, नुसती फिरवायची नाही. तीन गाड्या बघून ठेवल्यात:

मारुती ८००, २००६ ची, ५५ हजार सांगतोय.
अल्टो एलएक्सआय, २०१० ची, १ लाख ५ हजार, एसी चालू.
सँट्रो झिंग, २००८ ची, ८५ हजार, पॉवर स्टेअरिंग.

कॉलेजातले म्हणतात ८०० घे, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) शिकायला मिळेल. कुठली घ्यावी? घरच्या अंगणात काय काय करता येईल आणि कशाला हात लावू नये?

जुना_पाना
आधी तो कार्बोरेटरचा गैरसमज काढून टाक. २००६ ची ८०० एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली असते. कार्बोरेटरवाली हवी असेल तर बरीच जुनी शोधावी लागेल, आणि ती शिकून आज उपयोग काय? रस्त्यावर येणारी प्रत्येक नवी पेट्रोल गाडी इंजेक्शनवाली आहे.

माझं मत अल्टो, पण १ लाख ५ ला नाही. सव्वा लाखातले तीस हजार बाजूलाच ठेवायचे. टायर, बॅटरी, ब्रेक आणि विमा यांत ते कधी जातात कळतही नाही. म्हणजे गाडी ९५ च्या आत बसायला हवी. ९६ वर अडला तर उठून ये.

८०० आणि अल्टो दोन्हींना ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. बोनेट उघडलं की हात जायला जागा आहे, स्पेअर तालुक्याच्या दुकानात मिळतात. सँट्रो चालवायला तिघींत सुखाची, पण पॉवर स्टेअरिंगची गळती आणि टायमिंग बेल्ट (वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा इंजिनचा पट्टा) हे दोन खर्च बघून घे. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरायचं. तो चालू गाडीत तुटला की वॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागतं. बेल्ट ८०० आणि अल्टोलाही आहे, तेव्हा बिल तिथेही माग. चेन हवी तर अल्टो के-१० बघावी लागेल, ती या पैशात चांगली मिळणं अवघड.

बघायला जाताना मालकाला सांग, "गाडी सुरू करून ठेवू नका." पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर विचार का. थंड इंजिनला सेल्फ मारल्यावरच खरं कळतं:

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. थंडीत सुरुवातीला येणारी वाफ सोडून दे. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघ. साय धरल्यासारखा पांढरट-पिवळा थर असेल तर हेड पॅकिंग (हेड आणि इंजिन यांमधलं सील) गेल्याचा संशय. फक्त कमी अंतर फिरणाऱ्या गाडीतही थोडा थर येतो, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आहे का तेही बघ. इंजिन चालू असताना तेच झाकण उचललं आणि भकाभका धूर आला तर इंजिन बॅक मारतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. ती गाडी सोड.

क्लच: हँडब्रेक पूर्ण ओढ, तिसरा गिअर टाक, हळूहळू क्लच सोड. गाडी बंद पडली तर प्लेट ठीक. इंजिन नुसतं रेस होत राहिलं तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही आले. मग स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून मोकळ्या जागी हळू गोल फिर. कट-कट आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट.

आणि या सगळ्याआधी पत्रा. इंजिन, क्लच, ब्रेक तू शिकशील. सडलेला फ्लोअर तुला अंगणात दुरुस्त करता येणार नाही. पायाखालचं कार्पेट उचल, शॉकअपचा वरचा माउंट जिथे बसतो तो पत्रा बघ, दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द. खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल तर जास्तच ठोक. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांवर, चाकांवरच्या पत्र्यांवर फिरव, जिथे धरत नाही तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे.

तुझ्या भागात एक जास्तीचं: २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून विकल्या गेल्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. शेवटच्या फूटभरात चिखलाची रेघ सापडते, कारण तेवढा पट्टा धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशखालचे वायरिंगचे जोडही बघ.

आरटीओ_वारी
कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून.

२००६ च्या गाडीची १५ वर्षं २०२१ ला संपली. नूतनीकरण ५ वर्षांचं असतं, म्हणजे पुढची तारीख २०२६. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे, १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,०००. हरित कर वेगळा. ५५ हजाराची ८०० स्वस्त वाटते ती यामुळे. अल्टोची १५ वर्षं २०२५ ला झाली, तेव्हा रिन्यू झालंय का ते एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून आजच बघ. तिथेच विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजाही दिसेल. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. गाडी एप्रिल २०१९ आधीची, म्हणून उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघ.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. "सही करून देतो, तुम्ही सावकाश करा" याला भुलू नको. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. १००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टीचा मूळ हप्ता २,०९४ रुपये, त्यावर जीएसटी आणि मालकाचा अपघात विमा.

दिल्लीची गाडी कोणी स्वस्तात दाखवली तर एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स जोडून मग हिशेब कर.

जानेवारीपर्यंत गाडी वडिलांच्या नावावर राहू दे आणि तू गेटबाहेर काढू नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ: अल्पवयीनाने चालवली तर पालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि चालवणाऱ्याला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. १८ झाल्यावर लर्निंग काढ. ते सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर. लर्निंगवर शेजारी पक्कं लायसन्सवाला बसलेला हवा.

टॉमी_आणि_स्टेपनी
जुना_पाना यांच्याशी थोडा असहमत. शिकायलाच घ्यायची तर पत्रा चांगला असलेली ८०० वाईट नाही. चुकून काही मोडलं तरी नुकसान लहान. मात्र आरटीओचा खर्च धरून ती ४० च्या वर घेऊ नये. आणि तिघींतली कुठलीही घेतली तरी एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसणार हे धरून चालवायची. पहिलं वर्ष गावात आणि तालुक्यापर्यंत. पुणे-बेंगळुरू हायवेवर रात्री ट्रकच्या मधून ही गाडी नको.

डिप्लोमावाला_कराड
सगळ्यांचे आभार. काल अल्टो बघितली. नूतनीकरण २०३० पर्यंत झालंय, बोजा नाही. पत्रा टणटणीत, सीटबेल्ट स्वच्छ, धूर नाही. दोन गोष्टी खटकल्या. रेडिएटरचं झाकण थंड असताना काढलं तर आत चहाच्या रंगाचं पाणी. आणि स्टेअरिंगखाली बाहेरून लावलेलं एक बटण आहे, मालक म्हणाला "फॅनचं आहे, ट्रॅफिकमध्ये चालू करायचं". ९२ ला देतोय. सोडावी का?

जुना_पाना
सोडू नको, भाव पाड. ते बटण म्हणजे फॅन आपोआप लागत नव्हता आणि कोणीतरी कारण न शोधता वायर थेट ओढली. चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे कूलंटऐवजी बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि आत गंज धरतो. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) हाही काढून टाकलेला असण्याची दाट शक्यता. "गाडी तापते" म्हटलं की तो काढणं हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चुकीचा इलाज. मग इंजिन पुरेसं गरम होत नाही, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो जास्त पेट्रोल देत राहतो आणि ॲव्हरेज पडतं.

व्यवहार करण्याआधी एक तपासणी कर. थंड गाडी सुरू करायची, ते बटण बंद ठेवायचं, रेडिएटरचा वरचा पाइप हाताने चाचपत राहायचा. फॅनपासून बोटं लांब, तो इशारा न देता लागतो. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग थोड्या वेळात एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चढला तर लगेच बटण चालू कर. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालवलेल्या इंजिनमध्ये बुडबुडे सतत येत असतील तर मात्र हेड पॅकिंग, मग गाडी सोड. हे झाकण इंजिन थंड असतानाच काढायचं आणि मग सुरू करायचं. गरम रेडिएटर उघडला तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

घेतल्यावर हेच तुझं पहिलं मोठं काम. फॅनच्या दोन वायर काढून बॅटरीवरून थेट द्यायच्या. फिरला तर मोटर ठीक, मग फ्यूज, रिले (फॅनला वीज जोडणारा आपोआप स्विच) आणि तापमानाचा सेन्सर या क्रमाने. रिले तपासायला शेजारचा तसाच रिले तिथे लावून बघायचा. नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोड आणि पाणी तापव. उकळायच्या आधी तो उघडलेला दिसला पाहिजे. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नको.

जुनं पाणी काढताना किती लिटर निघालं ते मोज. साधं पाणी भरून, गाडी तापवून, थंड करून पुन्हा काढ. स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. जेवढं निघालं तेवढं आत गेलं पाहिजे. अर्धा लिटर कमी गेलं तर हवा अडकली आहे, झाकण उघडं ठेवून इंजिन चालव आणि पातळी उतरेल तसं भर.

१०_११_रिंग
हत्यारं: रिंग आणि फिक्स पाने ८, १०, १२, १४, १७, १९, त्याच मापाच्या गोट्या (सॉकेट), प्लगची गोटी, पक्कड, मल्टिमीटर आणि उचललेल्या गाडीला खालून आधार देणाऱ्या दोन घोड्या. घोड्यांवर पैसे वाचवायचे नाहीत. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. सिमेंटच्या विटांवरही नाही, त्या वाकत नाहीत, एकदम फुटतात. सपाट फरशी, पहिला गिअर, उलट्या बाजूच्या चाकाला दगड, मग जॅक, मग घोडी.

पहिलं काम ऑइल. तीन लिटरचा डबा, फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर. ऑइल कोमट असताना काढायचं. फिल्टर काढल्यावर त्याचं जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना ते बघ. दोन रबरं एकावर एक बसली की सुरू केल्याबरोबर सगळं ऑइल जमिनीवर. नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लाव, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. ड्रेन बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे जाऊ दे आणि शेवटी जोर काढू नको. आटे गेले की अख्खा सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) बदलायची वेळ येते. भरताना डबा एकदम ओतू नको, डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये थांब. जुनं ऑइल गॅरेजवाला घेतो, गटारात नको.

इंजिन मिसिंग करत (झटके देत) असेल तर ते चालू ठेवून इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणाऱ्या भागांचे) वायरचे जोड एकेक काढून बघ. जो काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्यात लाव. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदल, नाहीतर आधी वायर आणि कॉइल बघ. सगळे प्लग एकदम बदललेस तर गाडी सुधारेल पण तू काही शिकणार नाहीस. ब्लूटूथ ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं) यंत्र आत्ता घेऊ नको, एप्रिल २०१३ आधीच्या गाडीवर ते चालेलच असं नाही.

बॅटरी: बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असताना १३ च्या खाली असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, आधी बेल्ट आणि अल्टरनेटर.

टॉमी_आणि_स्टेपनी
ब्रेक पहिल्यांदा करताना शेजारी मिस्त्री उभा हवा. पुढचे पॅड सोपे: कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) काढून तारेने टांगायचा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइलच्या बाटलीकडे बघ, ती भरून वाहते आणि रंग खाते. काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक थेट तळाला जातो.

मागचे ड्रम एका वेळी एकच उघड. दुसरी बाजू बंद असली की स्प्रिंग कुठे कसं बसतं ते तिकडून बघता येतं. आतली धूळ तोंडाने फुंकायची नाही.

टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस, स्ट्रटचं (पुढच्या शॉकअपचं) स्प्रिंग या तिन्हींना एकट्याने हात लावू नको. दाबलेलं स्प्रिंग सुटलं तर हाड मोडतं. आणि त्या अल्टोच्या टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचलेस का? पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने निघाले तर ९२ मधून आणखी पाच तरी कमी कर.

डिप्लोमावाला_कराड
आत्ताच परत जाऊन बघितले. तीन टायर २२१६, चौथा ०९२१. स्टेपनीची कडच फुटलेली. वरचा पाइप पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेला. बुडबुडे नाहीत. ८४ सांगून आलोय, उद्या फोन करतो म्हणाला.