मदत हवी आहे: उपचार संपल्यावर वहिनीशी बोलायला कोणी भेटेल का? (मुंबई-डोंबिवली)

ओवी_मुलुंड

नमस्कार मंडळी,

माझी मोठी वहिनी डोंबिवलीला असते. वय ४८, शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. उजवा स्तन पूर्ण काढला, मग केमो, मग रेडिएशन. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी आणि अधूनमधून फॉलोअप. रिपोर्ट चांगले आहेत.

उपचार चालू होते तोवर घर भरलेलं असायचं. डबे यायचे, सोबतीच्या पाळ्या लागलेल्या, गिरगावातल्या जुन्या शेजारणीसुद्धा भेटून गेल्या. रेडिएशन संपल्यावर दादाने पेढे वाटले आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मीही लागले. वहिनी मात्र नेमकी तेव्हापासून मिटत चालली आहे. शाळेत रुजू झाली, पण शाळा ते घर एवढंच. लग्नकार्याला येत नाही. साडी नेसायची सोडली, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी घट्ट लावते. फळ्यावर लिहिताना हात भरून येतो म्हणते, पण दाखवायला जात नाही. का, तर "जीव वाचला ना, आता हाताचं काय घेऊन बसलात" असं एका डॉक्टरांनी तिला ऐकवलंय. (रुग्णालयाचं नाव इथे नको.)

मी विषय काढला की ऐकून घेते आणि चहा टाकायला उठते. तिचंही बरोबर आहे, मी कुठल्या तोंडाने सांगणार? तिला यातून गेलेली बाई भेटायला हवी आहे. मराठी बोलणारी, शक्यतो तिच्या वयाची, समोर बसून बोलणारी. ऑनलाइन मीटिंगा नकोत. आणि ऑक्टोबरातले गुलाबी टी-शर्टवाले कार्यक्रम तर मुळीच नकोत. एकदा नेलं होतं. स्टेजवर बोलावून 'फायटर' म्हणून बुके दिला. घरी येईपर्यंत बाईसाहेब एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुसरा प्रश्न माझ्यापुरता. परळला टाटा कॅन्सर रुग्णालयासमोरून जाताना हातात फाइल घेऊन गोंधळलेली, गावाकडची माणसं दिसतात. माझा शनिवार मोकळा असतो. हा आजार न झालेल्या माणसाचा स्वयंसेवक म्हणून काही उपयोग असतो, की नुसती लुडबुड होते? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

विशाखा_परळ

उपयोग असतो, आणि भरपूर असतो, फक्त काम फार रटाळ असतं. ही इमारत कुठली, फॉर्म कुठे भरायचा, रक्त कुठे द्यायचं, महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणलंय का. साताऱ्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला समुपदेशन नंतर, आधी झेरॉक्सचं दुकान दाखवावं लागतं. आजाराची स्टेज विचारायची नाही, आपल्या आत्याला काय झालं होतं ते सांगायचं नाही, औषध सुचवायचं नाही. एवढं जमलं की झालं.

ओपीडीची गर्दी आठवड्याच्या दिवसांत असते. शनिवारच हातात असेल तर परळच्या नाना पालकर स्मृती समितीत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विचारून बघा. बाहेरगावचे रुग्ण नातेवाइकांसह तिथे उतरतात.

वहिनींसाठी व्ही केअर (१९९४ पासून काम करतात), इंडियन कॅन्सर सोसायटी आणि महालक्ष्मीची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, या तिघांना फोन करा. सांगताना नेमकं सांगा: स्तन काढलेली, उपचार पूर्ण झालेली, मराठी बोलणारी बाई हवी. नुसतं 'सपोर्ट हवा' म्हटलंत तर पत्रक हातात पडेल.

पण वहिनींना न विचारता कोणाला घरी घेऊन जाऊ नका. नंबर द्या आणि गप्प बसा.

शुभदा_ठाणे

मी स्वतः यातून गेलेली, म्हणून लिहिते. उपचार चालू असताना पुढची तारीख ठरलेली असते, माणूस त्या तारखेला धरून असतो. ते संपलं की तारखाही नसतात आणि माणसंही नसतात. माझंही असंच झालं होतं.

आधी हात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर द्रव साठून सूज येऊ शकते. लवकर दाखवलं तर व्यायाम, मसाज आणि घट्ट स्लीव्ह यांनी आटोक्यात राहते, जुनी झाली की हटत नाही. लिम्फेडीमा (म्हणजे हीच सूज) बघणारा फिजिओथेरपिस्ट गाठा. हात एकदम लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. बीपी आणि सुई डाव्या हातालाच घ्यायला सांगा.

मिटत चालल्या आहेत म्हणता, त्यात गोळीचाही वाटा असू शकतो. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, मन उतरतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायला हवं, मात्र गोळी मनाने बंद करू नका. टाटात यासाठी मानसोपचार विभागही आहे. बाहेर कोणी नैराश्याचं औषध दिलं तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगायचं, कारण त्यातली काही औषधं तिचा परिणाम कमी करतात.

आता ओढणीचं. सिलिकॉनचा स्तन महाग पडतो आणि मुंबईच्या घामात नकोसा होतो. निटेड नॉकर्स इंडिया म्हणून एक गट आहे, सुती धाग्याने हाताने विणलेले, हलके स्तन मोफत देतो. ब्रामध्ये बसतात, घरी धुता येतात. मी ते घालून पहिल्यांदा साडी नेसले तेव्हा आरशासमोर चांगला तासभर घालवला, ट्रेन चुकली.

अनिकेत_के

घरात एकीने लक्ष्मणफळाचा रस घेतला होता, केमोपेक्षा भारी म्हणतात. एकदा करून बघायला काय हरकत आहे?

विशाखा_परळ

हरकत आहे. माणसात असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि चालू औषधांबरोबर असले रस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. धागा भरकटवू नका.

जोशी_काका_दादर

ओवी, दादाचं काय? तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये त्याने पेढे वाटले एवढंच आहे. आमच्या हिच्या वेळी मीही पेढेच वाटले होते. ती स्वतःहून बोलेल म्हणून मी थांबलेलो, आणि मी विचारत नाही म्हणजे मला किळस वाटते असा तिचा समज. ऑन्कॉलॉजिस्टकडे दोघं एकत्र गेलो तेव्हा हे बाहेर आलं. त्यालाही बोलायला कोणीतरी लागेल. मी दादरलाच असतो, त्याला चालणार असेल तर भेटेन.

ओवी_मुलुंड

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून थोडी वरमले. दादाला धागा दाखवला. "बघू" म्हणाला, पण तुमचं लिखाण परत वाचत होता.

वहिनीला नंबर दिला आणि गप्प बसले (विशाखा, हे फार अवघड काम आहे). हाताचं मात्र तिने स्वतःहून विचारलं, फिजिओची वेळ घेतली आहे. शुभदाताई, तिला भेटायचं नाही, पण तुम्हाला फोनवर ते विणलेलं नेमकं कसं बसतं एवढं विचारायचं आहे. चालेल का? आणि आमच्या आईचं क्रोशाचं काम सुंदर आहे. तिला घरी बसून ते विणता येतील का? लोकर पडून आहे घरात.

शुभदा_ठाणे

लोकर नको, टोचते. त्यांचा सुती धागा आणि नमुना ठरलेला असतो, आईंना आधी त्यांच्याशी बोलू दे. वहिनींना सांगा, रात्री नऊनंतर मी मोकळी असते. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.