सिनेटर म्हणतात सरकारी माणसांना वाचवलं. मग आमच्या जावयाचं काय?

तिलकनगरची_मावशी

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतला आहे, पण झळ इथे इंदूरला तिलक नगरात पोचली म्हणून इथेच विचारते. ट्रम्प चांगला की वाईट यावर भांडू नका, त्यासाठी घरात आमचे हे आहेत.

मुलगी-जावई व्हर्जिनियात हर्नडनला असतात. जावई एका केंद्रीय खात्याच्या कॉम्प्युटरचं काम बघतो, पण नोकरी खात्याची नाही, मधल्या कंपनीची. २०२५ च्या १ ऑक्टोबरला खर्चाला मंजुरी नाही म्हणून तिकडचं सरकार बंद पडलं, शटडाउन म्हणतात ते, आणि कंपनीला काम थांबवायचं पत्र आलं. आधी शिल्लक रजा संपवायला लावल्या, मग घरी बसा, पगार नाही. त्यांच्या शेजारची बाई त्याच खात्यात सरकारी नोकर. तीही घरीच, तिलाही पगार नाही. तेवढे दिवस दोन्ही घरं सारखीच हवालदिल. १२ नोव्हेंबरच्या रात्री खर्चाच्या विधेयकावर ट्रम्पची सही झाली, कचेऱ्या उघडल्या, बाईला मागचा सगळा पगार मिळाला. आमच्या जावयाला कामावर परत बोलावलं, झालं. मधल्या दिवसांचं काही नाही.

दिवाळी नेमकी त्यातच आली. इकडून फराळ पाठवायचा तर टपालखात्याची अमेरिकेची पार्सलं ऑगस्टच्या शेवटापासून बंद होती, ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत पोचणं अशक्यच. लेकीनं घरीच चिवडा केला आणि कॉलवर सांगितलं, "आई, काजू नाही घातले यंदा." काजूवाचून कोणाचं अडत नाही हो. पण पाळणाघराची फी अडते. नवरा घरी बसलाय म्हणून नातवाला घरी ठेवून फी वाचवावी, तर त्याची जागा दुसऱ्या मुलाला जाते, आणि तिथे पुन्हा नंबर लागायला वर्ष जातं. म्हणून मूल घरी आणि फी चालू! मी जुन्या स्टेट बँक ऑफ इंदौरमध्ये आयुष्य काढलं, हप्ते थकलेली माणसं पुष्कळ पाहिली. पण मोठ्या पगाराची माणसं महिन्याभरात इतकी टेकीला येतात हे मला नवीन होतं.

आता मुद्दा. त्यांचे सिनेटर टिम केन, डेमोक्रॅट पक्षाचे. सरकार उघडायच्या खर्चाच्या विधेयकाला ऑक्टोबरभर ते विरोधात मत देत राहिले, आणि ९ नोव्हेंबरला बाजूनं दिलं. म्हणाले की यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांच्या मनमानी कपातीला आळा बसेल, ज्यांना या काळात काढलं ते परत येतील, मागचा पगार नक्की मिळेल. लेकीनं ते निवेदन मला पाठवलं, खाली फक्त एवढंच लिहिलेलं, "यात आम्ही कुठे आहोत?"

मला ते सांगता आलं नाही. शिवाय त्याच राज्याचे, त्याच पक्षाचे दुसरे सिनेटर मार्क वॉर्नर, त्यांनी विरोधात मत दिलं. कुटुंबं तीच, मग एकाला एक दिसलं आणि दुसऱ्याला दुसरं, असं कसं? आणि या सगळ्यात यांचे स्वतःचे पगार थांबले होते का?

हिशोबनीस_स्नेहलतागंज

मावशी, शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. नाही थांबले. खासदाराचा पगार वर्षाला १,७४,००० डॉलर, २००९ पासून तेवढाच. त्याची तरतूद कायमची करून ठेवलेली आहे, दरवर्षी मंजुरी लागत नाही. शिवाय १९९२ मध्ये लागू झालेल्या २७व्या घटनादुरुस्तीमुळे पुढची निवडणूक होईपर्यंत त्यात वाढ किंवा घट करता येत नाही. बऱ्याच खासदारांनी "माझा पगार रोखून ठेवा" अशी पत्रं दिली, ती पेपरात छापूनही आली. पण रोखलेला पगार त्यांचाच असतो, नंतर मिळतो. दान केला तर गोष्ट वेगळी.

आता केन. त्यांना काय वाचवायचं होतं हे कळायला ऑक्टोबर आठवावा लागेल. १० ऑक्टोबरला सरकारनं सुमारे चार हजार लोकांना थेट कपातीच्या नोटिसा दिल्या. आधीच्या शटडाउनमध्ये लोक घरी बसत आणि परत येत, या वेळी बंदचा फायदा घेऊन माणसं काढायला सुरुवात झाली. दुसरं म्हणजे मागचा पगार देण्याचा कायदा जानेवारी २०१९ मध्येच झालेला आहे. तरीही व्हाइट हाउसच्या बजेट कचेरीतून असा सूर निघाला की घरी बसलेल्यांना तो आपोआप मिळेलच असं नाही. म्हणजे शेजारच्या बाईलाही तेव्हा खात्री नव्हती. केननी या दोन्ही गोष्टी कायद्यात लिहून घेतल्या, आणि ३० जानेवारी २०२६ पर्यंत नवी कपात नाही हेही. व्हर्जिनियात केंद्रीय नोकर इतके आहेत की तिथल्या सिनेटरला हे काम कमी महत्त्वाचं वाटणं शक्यच नव्हतं.

वॉर्नरना दुसरं दिसलं, कारण भांडण मुळात दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आरोग्यविम्याच्या हप्त्यावर सरकार जी वाढीव सवलत देत होतं ती २०२५ च्या अखेरीस संपणार होती. डेमोक्रॅट म्हणत होते, आधी ती वाढवा मग खर्चाला मत देतो. सिनेटमध्ये १०० पैकी ६० मतं लागतात, म्हणून अल्पमतात असूनही त्यांना अडवता आलं. केन धरून आठ जण फुटले तेव्हा ६० विरुद्ध ४० झालं. सवलतीच्या बदल्यात मिळालं ते फक्त डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचं वचन. मतदान झालं, ५१ विरुद्ध ४८, ६० काही झाले नाहीत, सवलत गेली.

जावयाचं दुखणं या दोन्हींच्या बाहेरचं आहे. २०१९ चा कायदा सरकारच्या थेट नोकरांपुरता आहे. कंत्राटावरच्या माणसाचं सरकारशी नातंच नाही, त्याचा पगार म्हणजे कंपनीच्या बिलातली एक ओळ. काम झालं नाही, बिल नाही.

राजवाडा_रिकामटेकडा

भिया, एवढी आकडेमोड केली आणि मुख्य आकडा विसरलात. त्या आठांपैकी २०२६ मध्ये मतदारांच्या दारात जायचंय असा एकही नाही. दोघं निवृत्त होताहेत, बाकीच्यांची मुदत २०२८ किंवा २०३०. केन २०२४ ला निवडून आलेत, म्हणजे निवांत. याला म्हणतात हिंमत!

आणि २०१९ ची आठवण काढलीत म्हणून सांगतो. तेव्हाच्या शटडाउनमध्ये वाणिज्यमंत्री विल्बर रॉस टीव्हीवर म्हणाले होते की हे कर्मचारी फूड बँकेत, म्हणजे फुकट अन्न वाटतात तिथे, का जातात तेच कळत नाही, कर्ज काढावं ना. स्वतः गडगंज श्रीमंत. त्यामानाने केन साहेब संतच म्हणायचे.

मेरीलँडची_माहेरवाशीण

रिकामटेकडे, हिंमतीचं सोडा, मी तिथे होते. माहेर रामचंद्र नगरचं, आता मेरीलँडमध्ये असते, केन आमचे सिनेटर नाहीत, पण मी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे.

नोव्हेंबरच्या १ तारखेला अन्नाच्या मदतीची कार्डं भरली गेली नाहीत. स्नॅप म्हणतात त्याला, देशभर ४ कोटी २० लाख माणसं त्यावर असतात, साधारण आठांत एक. कोर्टकचेऱ्या सुरू होत्या, एक न्यायाधीश द्या म्हणे, वरचं कोर्ट थांबा म्हणे. व्हर्जिनियानं स्वतःच्या पैशांतून आठवड्याला थोडी थोडी मदत द्यायला सुरुवात केली, सगळ्या राज्यांनी तेवढंही केलं नाही. मी शनिवारी कॅपिटल एरिया फूड बँकेच्या एका वाटपाला मदतीला जात होते. रांगेत गळ्यात सरकारी ओळखपत्राची पट्टी अडकवलेला माणूस होता, पट्टी होती, कार्ड शर्टाच्या खिशात सरकवलेलं. सुट्ट्या गाजरांची पिशवी घेताना मला विचारलं, "दोन चालतील का?" तो विमानतळावर सुरक्षा तपासणीला होता. म्हणजे रोज कामावर जात होता, बिनपगारी. तोवर विमानंही कमी करायला लागले होते, हवाई नियंत्रक मिळेनात म्हणून ७ नोव्हेंबरपासून ४० विमानतळांवर कपात.

त्याला मी काय सांगणार, अजून दोन आठवडे थांब, विम्याच्या सवलतीचं बघतोय? समोरचा पक्ष हलणार नाही हे दिसत होतं. चौदा वेळा मतदान फसलं होतं. केननी पंधराव्या वेळी हात वर केला याला मी शरणागती म्हणणार नाही.

पण मावशींच्या लेकीचा प्रश्न खराच आहे. आमच्याकडे तो जास्त करून झाडूवाले, पहारेकरी, उपाहारगृहातल्या बायका यांचा आहे. संग्रहालयं बंद, मग कॅन्टीन बंद. त्यांना २०१९ लाही काही मिळालं नव्हतं, आताही नाही.

तिलकनगरची_मावशी

आभार सगळ्यांचे. हिशोबनीस, तुमचं वाचून आमच्या ह्यांनी चष्मा काढला आणि "मग लेखानुदान का नाही करत?" म्हणून मलाच दरडावलं, जसं काही मी तिकडची अर्थमंत्री आहे.

माहेरवाशीण, तुझं पटतं गं. पण त्या गाजरवाल्याला मागचा पगार मिळाला. माझा राग केनवर नाही. त्यांनी निवेदनात एक वाक्य आमच्यासाठी टाकलं असतं, की कंत्राटावरची माणसं राहिली, त्यांचं पुढे बघू, तर लेकीला निदान वाटलं असतं की कोणाच्या लक्षात आहे. राहिलं ते राहिलंच, वर सांगणं असं की सगळे वाचले.

हिशोबनीस_स्नेहलतागंज

काकांना सांगा, लेखानुदानाची, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंत तात्पुरत्या खर्चमंजुरीची, सोय आपल्या घटनेत ११६व्या अनुच्छेदात आहे. पण खरा फरक वेगळा. आपल्याकडे लोकसभेत खर्चाची मागणी पडली तर सरकारच पडतं, म्हणून ती पडू देत नाहीत. तिकडे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडलेला, तो जागेवरच राहतो, बंद पडतात कचेऱ्या. तेही पूर्वी पडत नसत. मंजुरी नसताना खर्च करू नये हा कायदा जुनाच, पण १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेट्टी यांनी त्याचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून टाळं लागायला लागलं. त्याआधी मंजुरी लांबली तरी कामं चालू असत.

सुपरकॉरिडॉर_स्टँडअप

मध्येच तोंड घालतो. इंदूरला बसून आम्हालाही फटका होता. एच-वन-बीच्या, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जाआधी त्यांच्या श्रमखात्याकडून जो दाखला लागतो ते पोर्टलच बंद. ३१ ऑक्टोबरला उघडलं. व्हिसा कचेरी मात्र चालू, कारण ती फीवर चालते. माझ्या टीममधल्या एकानं लग्नाची तारीख त्या दाखल्यावर ठरवली होती. सासरे अजून विचारताहेत, नेमकं काय बंद होतं.

एलआयजीची_वंदू

मावशी, अमेरिकेला कशाला जायचं? माझा भाचा इथेच एका सरकारी कार्यालयात आउटसोर्सवर डेटा एंट्री करतो. एजन्सीचं बिल अडकलं की दोन-दोन महिने पगार नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाबूचा मात्र १ तारखेला जमा. दोघांचा साहेब एकच, हजेरी एकाच मशीनवर. आमदारांच्या जनसुनावणीत अर्ज दिला तर सांगितलं, तुम्ही आमच्याकडे नाही, एजन्सीकडे या. आपल्याकडे कोणी सरकार बंद करत नाही, तरी याचं बंदच असतं.

मेरीलँडची_माहेरवाशीण

मावशी, एक कामाचं सांगते. कंत्राटी माणसांना मागचा पगार द्या असं बिल मिनेसोटाच्या सिनेटर टीना स्मिथ यांनी २०१९ मध्ये आणलं होतं, नंतर पुन्हा आणलं. मंजूर झालेलं नाही. लेकीला सांगा, केन यांच्या ऑफिसला लिहायचं आणि नुसती कैफियत मांडायची नाही. या बिलाला तुमचा पाठिंबा आहे का, एवढं थेट विचारायचं. पत्ता व्हर्जिनियाचा टाकायचा, ते पाहूनच पुढे घेतात. कंपनीचं नाव नको, कंत्राट चालू आहे.

राजवाडा_रिकामटेकडा

मतदार नसेल तर कोण वाचणार? लेक नागरिक आहे का?

मेरीलँडची_माहेरवाशीण

ग्रीनकार्डवाल्यांचीही कामं ही ऑफिसं करतात. राज्यात राहतो तो त्यांचा. मत नाही, कर मात्र भरतोच.

तिलकनगरची_मावशी

नागरिक नाही, ग्रीनकार्ड आहे. पाठवलं तिला. म्हणाली, पाळणाघराच्या फीचं लिहू का? मी म्हटलं, तेच आधी लिही, पावती जोड. पगाराचं म्हटलं की सगळ्यांना वाटतं बचत असेलच यांची. उत्तर आलं तर इथेच टाकीन. वंदू, तुझ्या भाच्याच्या अर्जाची पोच घेतली होती का? नसेल घेतली तर पुढच्या वेळी शिक्का मारून घे, बँकेत आम्ही पोच नसलेल्या कागदाला कागद म्हणत नसू.