खारी वाळू, गुरुवारचा स्लॅब आणि माझी सही

साइटवरचा_देवगडकर

नमस्कार. मी देवगड तालुक्यात एका बिल्डरकडे साइट इंजिनीअर आहे. २०२३ ला डिग्री झाली, ही पहिलीच नोकरी. खाली गाळे, वर तीन मजले असं काम आहे. समुद्राचा वारा थेट लागतो.

पंधरा दिवस क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) डंपर आलेला नाही. पाऊस तोंडावर आहे. परवा रात्री खाडीची चार ब्रास वाळू येऊन पडली. सकाळी आमच्या गवंडीकाकांनी चिमूटभर उचलली, जिभेला लावली आणि थुंकून म्हणाले, "सायबानू, मीठ असा ह्येच्यात. स्लॅबाक चलाची नाय." मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "प्लास्टरला वापरू नको, पांढरं फुटतं. स्लॅबच्या आत कोण बघायला जातो?"

गुरुवारी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे. काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, पोअर कार्डावर, सही माझी लागते.

अजून एक सांगायचं आहे, ते सांगताना लाज वाटते. गेल्या महिन्यात जिन्याचं लँडिंग आणि दोन छज्जे अशाच वाळूत झाले. मला कळत होतं. तरी मी सही केली.

कॉलेजात आम्हाला 'युनिव्हर्सल ह्युमन व्हॅल्यूज' हा विषय होता. नात्यातली नऊ मूल्यं पाठ केली होती: विश्वास, सन्मान, स्नेह, ममता, वात्सल्य, श्रद्धा, गौरव, कृतज्ञता, प्रेम. 'मानवी मूल्ये हा व्यावसायिक नीतीचा पाया कसा, ते स्पष्ट करा' यावर मी चार पानं लिहिली होती, मार्कही चांगले पडले. आता त्यातलीच दोन मूल्यं मला दोन बाजूंना ओढतायत. गेल्या वर्षी आंबे काढताना वडील कलमावरून पडले. मालकांनी न मागता हॉस्पिटलात साठ हजार भरले, पगारातून एक रुपया कापला नाही. त्या माणसाला मी 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणू?

दुसरीकडे, याच मजल्यावर एक फ्लॅट मासे विकणाऱ्या एका मावशींनी घेतलाय. दर रविवारी बाजार आटोपला की तशाच येतात, कॉलमवर हात ठेवतात नि विचारतात, "झिला, घर घट होतला मा?" गेल्या रविवारी मी मान हलवली. त्या गेल्यावर त्यांच्या हाताचा ओला ठसा कॉलमवर थोडा वेळ दिसत होता.

मी काय करू? आणि जे होऊन गेलंय त्याचं काय?

निवृत्त_शाखा_अभियंता (रत्नागिरी)

बाळा, आधी कामाचं बोलतो.

खाऱ्या वाळूने काँक्रीट लगेच कच्चं होत नाही, फसगत इथेच होते. ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, सात दिवसांनी फोड, अठ्ठावीस दिवसांनी फोड, आकडा बरा येईल. काँक्रीटमधल्या अल्कलीने सळईवर एक पातळ थर धरतो, तो तिला गंजू देत नाही. मिठातला क्लोराइड तो थर तोडतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग आतून दाब येऊन कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सुटतं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीत एका घनमीटरला ०.६ किलोच्या वर क्लोराइड चालत नाही. किनाऱ्यावरचं उघडं काँक्रीट 'सिव्हिअर' (तीव्र) वर्गात धरतात: काँक्रीटची ग्रेड कमीत कमी एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, कव्हर ४५ मिमी. तुझ्या साइटवर कव्हर ब्लॉक कितीचे आहेत ते आजच बघ. २० चे असतील तर वाळूइतकीच तीही काळजी आहे.

आता चाचणी. एखाद्या कॉलेजच्या लॅबमधून थोडं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण माग. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आण, विहिरीचं पाणी घेऊ नको, आपल्याकडे त्यातही मीठ असतं. एका बाटलीत ही वाळू, दुसरीत क्रश सँड, दोन्हींत ते पाणी घालून हलव, निवळू दे, वरचं पाणी गाळून घे आणि दोन-दोन थेंब टाक. मीठ असेल तर दुधासारखं पांढरं होतं. बोटांना लागू देऊ नको, काळे डाग पडतात. याने आकडा कळत नाही, आकड्यासाठी नमुना लॅबला पाठवावा लागेल. पण मालकाच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्यास की त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाची, गोष्ट सांगतो. ही मी घराबाहेर आजवर बोललो नव्हतो. १९९४ चा मे महिना. एका वाडीवर पऱ्ह्यावरच्या साकवाचं काम होतं. पाया कातळ लागेपर्यंत खोदायचा होता. ठेकेदार म्हणाला, कातळ लागला. ऊन मी म्हणत होतं. मी काठावरूनच बघितलं, खड्ड्यात उतरून पहार मारून पाहिली नाही, आणि एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, मोजमाप चढवलं. पैसे घेतले नव्हते. त्याने फोडून दिलेलं एक शहाळं प्यायलो, एवढंच. तिसऱ्या पावसात मधला खांब कलला. माणूस कोणी गेलं नाही. पण नवा साकव होईपर्यंत दोन पावसाळे पलीकडच्या मुली शाळेत आल्या नाहीत. त्यातली एक पुढे आमच्या ऑफिसात चहा घेऊन यायची. एकदा विचारलं, शिक्षण किती? म्हणाली, सातवी अर्धी. मी तिला काहीच सांगू शकलो नाही.

नियम मला तेव्हाही पाठ होते. त्या दिवशी खड्ड्यात उतरलो नाही, कारण पलीकडे कोण राहतं याचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. तुझ्या मनात मावशी आहेत, म्हणून तू इथे लिहिलंस.

आणि कृतज्ञतेचं म्हणशील तर ते साठ हजार त्यांनी तुझ्या वडिलांसाठी दिले, वाळूसाठी नाही. तू त्यांचं देणं लागतोस, हे खरं आहे. पण ते मावशींच्या छतातून फेडायचं नाही. माझी सून इंजिनीअरिंग कॉलेजात तुमचा तोच विषय शिकवते. त्यात माणसाची नियत आणि क्षमता वेगळी धरायला शिकवतात ना? मग मालकाची नियतच वाईट, असं धरून जाऊ नको. मिठाने प्लास्टर फुटतं एवढं त्यांना माहीत आहे. सळईचं काय होतं हे त्यांना कोणी सांगितलं नसेल. ते सांगणं तुझं काम आहे. चारचौघांत नको, त्यांच्या घरी जाऊन सांग.

दोन_वेळची_भ्रांत (रायगड)

काका, तुमचं पटतं, पण तुम्ही पेन्शनीत आहात. या मुलाची पहिली नोकरी आहे आणि घरी आजारी वडील. सत्येंद्र दुबेंचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. आयआयटी कानपूरचा इंजिनीअर, सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत गोळी घालून मारला. मी स्वतः एका साइटवर तोंड उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले, चार महिने घरी बसलो. मुलाच्या फीसाठी बायकोची पाटली मोडली. मित्रा, जे करशील ते दुसरी नोकरी बघून कर.

निवृत्त_शाखा_अभियंता (रत्नागिरी)

तुमची पाटली गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. या मुलाला मी पत्र लिहायला सांगत नाहीये. एका ओळखीच्या माणसासमोर दोन बाटल्या घेऊन बसायला सांगतोय. दुसरी नोकरी बघावी, हे तुमचं बरोबर. पण गुरुवार त्याआधी येतो.

छताखालची (रत्नागिरी)

मी इंजिनीअर नाही, नर्स आहे. आमच्या इमारतीला नववं वर्ष होतं. दुपारी ड्यूटीवरून आले तर बाळाच्या पाळण्यात छताचा तुकडा पडलेला, ताटाएवढा. बाळ तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर होतं. वर बघितलं तर सळया पापुद्रे सुटलेल्या, बोट लावलं की लाल भुगा हातात. दुरुस्तीचा खर्च आम्ही सोळा घरांनी वाटून घेतला. वाळू कुठली होती ते आता कोण सांगणार? त्या कागदांवर सही कोणाची होती, हेही आम्हाला कधी कळलं नाही. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला पाचमजली इमारत पडली, १६ माणसं गेली, आणि तिला दहा वर्षंही झाली नव्हती. त्या रात्री आम्ही सगळे माझ्या माहेरी झोपायला गेलो होतो.

वॉर्डात औषध देताना कोणी बघत नसलं तरी मी बाटलीवरचं नाव पुन्हा वाचते. ते नियमात आहे म्हणून नाही, कॉटवरचा माणूस झोपलेला असतो म्हणून. भाऊ, मावशींना पुन्हा मान हलवून दाखवू नकोस, एवढीच विनंती.

साइटवरचा_देवगडकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री मालकांच्या घरी गेलो. वहिनींनी सोलकढी दिली, ती पिताना हात थरथरत होता. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवून थेंब टाकले. खाडीच्या वाळूचं पाणी पांढरंफट्ट झालं, क्रश सँडचं जवळजवळ तसंच राहिलं. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धुऊन चालेल?" मी म्हटलं, गोड्या पाण्याने नीट धुऊन लॅबचा रिपोर्ट बरा आला तर चालेल, पण मे महिन्यात आपल्याकडे प्यायलाच टँकर आहे. ते चिडले. सेंट्रिंगचं भाडं वाढणार, पाऊस लागला तर काय, तुझं शिक्षण मला महागात पडणार, असं सगळं बोलले. मी ऐकून घेतलं. मग वडिलांचं नाव काढून म्हटलं, तुमचे उपकार मी विसरणार नाही, पण या वाळूच्या स्लॅबवर सही करणार नाही.

गुरुवारचा स्लॅब पुढे गेलाय. क्रश सँड सोमवारी येतेय. खाडीची वाळू कंपाउंडच्या आत भरावाला टाकायची ठरली. कव्हर ब्लॉक २० चेच निघाले, ते आज बदलतोय. नोकरी राहील की नाही, ते अजून कळलेलं नाही.

लँडिंग आणि छज्ज्यांचंही सांगून टाकलं. ते सांगणं सगळ्यात जड गेलं, कारण तिथे सही माझी होती. मालक म्हणाले, "मग फोड, आणि मजुरीचा हिशेब तू ठेव." मी कबूल झालो. काका, लँडिंगला ब्रेकर लावू की छन्नी-हातोडा? बाजूच्या बीमची काळजी वाटते.

निवृत्त_शाखा_अभियंता (रत्नागिरी)

छन्नी-हातोडाच. ब्रेकरचे हादरे बीमच्या जोडापर्यंत जातात. खालून टेकू दिल्याशिवाय सुरुवात करू नको, आणि जिना दोन्हीकडून बंद कर. सळया कापू नको, एवढ्या दिवसांत फार गंजल्या नसतील. वायर ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुऊन काढ, मग पुन्हा ओत. कुठली सळई खाल्लेली दिसली तर फोटो टाक, बघून सांगतो. पहिला छज्जा फोडशील तेव्हा तुझ्या त्या गवंडीकाकांना शेजारी उभं कर, घाव किती जोरात घालायचा ते त्यांना ठाऊक आहे.