एप्ले उपचारानंतर चक्कर गेली पण तोल जातोय, सांगली-मिरजेकडे व्हेस्टिब्युलर (तोलाचे व्यायाम घेणारा) फिजिओ माहीत आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. आई ७१ वर्षांची, सांगलीला असते. कुशीवर वळली किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की सगळं घर गरगर फिरायचं, अर्ध्या मिनिटात थांबायचं पण मळमळ मागे राहायची. आधी एकांनी मानेचा एक्सरे काढून कॉलर दिली, जोडीला बीटाहिस्टिन ही चक्करेची गोळी. (साठी ओलांडली की चक्कर म्हणजे मानच, हे आपल्याकडे कुणी ठरवलंय कोण जाणे.) मग ईएनटीवाल्यांनी डिक्स-हॉलपाईक केली, म्हणजे डोकं उजवीकडे वळवून झटकन मागे आडवं केलं, तर लगेच बुबुळं फडफडायला लागली! निदान बीपीपीव्ही, आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेलेत म्हणे. तिथंच एप्ले मॅन्युव्हर केलं, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर नेले, आणि गरगरणं थांबलं.

आता चक्कर नाही, पण चालताना तरंगल्यासारखं वाटतं, रात्री बाथरूमला एकटी जात नाही, मान ताठ धरून सगळं अंगच वळवते. डॉक्टर म्हणाले व्हेस्टिब्युलर रिहॅब करा. इथले फिजिओ गुडघा, कंबर, फ्रोझन शोल्डर, पॅरालिसिस सगळं बघतात, हे करणारं कुणी सापडेना. आणि परत झालं तर यूट्यूब बघून घरी एप्ले केलं तर चालेल का?

प्रतिसाद: मी फिजिओ आहे. एप्लेनंतर असं तरंगणं बऱ्याच जणांना होतं. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्याच्यावरच ठेवून मान डावी-उजवी हलवायची, आणि ओट्याला हात टेकून पाय जुळवून उभं राहायचं, शेजारी कुणीतरी हवंच. सुरुवातीला थोडं गरगरेल म्हणून लगेच सोडू नका. मान ताठ धरून बसल्या तर मेंदूला सवय कशी होणार? घरी एप्ले नको, कान कुठला, नलिका कुठली ते आधी बघावं लागतं, आडव्या नलिकेत कण असतील तर मॅन्युव्हरच वेगळं. मान खरंच दुखत असेल तर सेमाँट नावाचं दुसरं मॅन्युव्हर करता येतं, त्यात मान मागे टाकावी लागत नाही. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसायला लागलं किंवा तोंड वाकडं झालं तर मात्र थेट हॉस्पिटल.

धागाकर्ता: खूप आभार! डी तपासायचंच राहिलंय. मिरजेतलं कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा प्लीज, घरी येणारं असेल तर फारच बरं.